आधी सांगायचं, मग ऐकायचं

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिली सहा-सात वर्षं मी एक वाक्य हमखास म्हणत असे. पाण्याचा तांब्या पुढे करायचा, दार लोटून घ्यायचं आणि म्हणायचं, "मोकळेपणानं बोला. इथलं इथंच राहील." बाया बोलू लागायच्या, त्यामुळे वाक्य चांगलं आहे असंच मला वाटायचं. ते खोटं होतं हे मला एका सोळा वर्षांच्या मुलीमुळे कळलं. फटका मात्र मला बसला नाही, तिला बसला.

मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे.

दिवाळीच्या आधीचा बाजाराचा दिवस होता. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यात या दिवसांत वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या व्हायच्या तयारीत असतात. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, ट्रॅक्टर ठरलेले असतात, आणि चार-पाच महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जायचं असतं. बाजाराची पिशवी घेऊन एक आई आली, मागे तिची मुलगी. आईनं उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. पोरीला चार महिने झालेत, दवाखान्यात नेलं तर वय विचारतात, कागद मागतात, तर "ताई, तुमी डॉक्टरला सांगा ना."

आईला बाहेर बसवून मी मुलीशी बोलले. (हे तरी बरोबर केलं.) माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. ती बोलली. लग्न मागच्या उन्हाळ्यात झालं होतं. नवरा एकवीस-बावीसचा. "त्यो मारत नाही," असं तिनं मी न विचारताच सांगितलं. तिला इतक्यात लेकरू नको होतं. पोटुशी बाई फडात काय करते ते तिनं आपल्या जावेचं पाहिलं होतं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरला लावलेल्या फळीवरून चढताना. तिला एवढंच हवं होतं की टोळी निघायच्या आत मोकळं व्हावं, आणि नवऱ्याला काही होऊ नये.

शाळा सोडल्याचा दाखला आईच्या पिशवीत होता. सोळा पूर्ण, सतरावं चालू.

मी आतल्या खोलीत गेले. संस्थेच्या प्रमुखांना फोन केला, मग वकील मैत्रिणीला. अर्ध्या तासानं बाहेर येऊन दोघींना सांगितलं की पोलिसांना कळवावं लागेल, कायदाच तसा आहे. मुलगी काही बोलली नाही. आई म्हणाली, "तुमी तर म्हनलात इथलं इथंच राहील."

आणि मुलीचा हात धरून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात लेखी कळवलं. पोलीस वस्तीवर गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. टोळी ठरल्यापेक्षा आधीच निघाली होती. उन्हाळ्यात माणसं परत आल्यावर कानावर आलं की ती कारखान्याजवळच्या एका खाजगी दवाखान्यात बाळंत झाली आणि तिथे तिचं वय एकोणीस लिहिलं गेलं. आई एकदा बाजारात दिसली, तिनं तोंड फिरवलं. त्याहून मोठी गोष्ट पुढे लक्षात आली. त्या वस्तीवरून दीड वर्ष आमच्याकडे एकही बाई आली नाही. मार खाणाऱ्या, टाकलेल्या, रेशनकार्डावर नाव नसलेल्या बायका तिथे काय कमी होत्या? पण 'तिथं गेलं की पोलीस येतात' ही बातमी आमच्या सगळ्या पत्रकांपेक्षा लवकर पोचली.

पोलिसांना कळवलं हे चुकलं का, असं मला अनेकींनी विचारलं. कायद्याच्या नजरेनं नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, त्याच्या कलम १९ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलीवर गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. लग्न झालंय म्हणून सूट नाही, सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच ठरवला आहे. शिवाय २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली लग्न लावणारे आईबाप, भटजी सगळेच अडकतात. म्हणजे कळवलं की नवरा आत, बाप आरोपी.

आणि उचल? ती फिटलेली नसते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. पोरीचं लग्न हंगामाच्या तोंडावर उरकतात त्यामागे हेच गणित असतं. कोयता पुरा होतो, आणि आईबाप फडावर असताना वयात आलेली पोर गावात एकटी राहत नाही. जावई तुरुंगात गेला तर मुकादम पैसे कुणाकडे मागणार, हे त्या आईला चांगलं माहीत होतं. आमच्या सगळ्या चर्चेत उचलीचा शब्दसुद्धा निघाला नव्हता. आम्ही कलमं मोजत होतो.

एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आम्हाला बीस्टेक नावाच्या अमेरिकन धर्मगुरूचं १९५७ चं पुस्तक होतं. त्यातली व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वं आम्ही परीक्षेसाठी घोकली. गोपनीयता हे एक, आणि आपला निर्णय आपण घेण्याचा अशिलाचा हक्क हे दुसरं. दोन्हींना मर्यादा आहेत हेही त्यात आहे, पण त्या भागावर प्रश्न येत नसे म्हणून तो आम्ही वाचला नाही! फील्डवर्कच्या डायरीत 'अशिलाला गोपनीयतेची हमी दिली' असं लिहिलं की मॅडम बरोबरची खूण करायच्या. त्या मर्यादा तिला कधी सांगायच्या, हमी देण्याआधी की नंतर, यावर एक तासही झाल्याचं मला आठवत नाही.

तसं पाहिलं तर ही चूक मी त्याआधीही केली होती, फक्त तेव्हा कायद्यानं बांधलेलं नव्हतं म्हणून ती झाकली गेली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिशीतली एक बाई आली होती. दंडावर काठीचे वळ. तिची मागणी होती, "त्याला एकदा बोलावून दम द्या. मला नांदायचंय, पर मार नको." मला 'समझोता' या शब्दाचीच चीड होती. बाईला मार खायला परत पाठवणाऱ्या पंचांच्या ओळीत आपण बसायचं नाही, असं ठरवूनच मी या कामात आले होते. मी तिला ४९८ अ समजावलं, ठाण्यात सोबत गेले, गुन्हा नोंदवून घेतला, आणि संध्याकाळी फार अभिमानानं घरी आले. ती त्या रात्री कुठे झोपणार आहे हे मी विचारलंच नव्हतं. माहेरी भावजयीनं आठ दिवस ठेवून घेतलं. महिन्याभरात ती सासरी परतली, कोर्टात फिरली, आणि रस्त्यात भेटली की ओळख दाखवेनाशी झाली. आमच्या अहवालात ती 'तक्रारदाराने सहकार्य केले नाही' अशी गेली. मीच लिहिलं होतं ते.

आज तीच बाई आली तर मी तिला आधी रात्रीचं विचारीन. मग तिच्यापुढे काय काय वाटा आहेत ते सांगेन, आणि कुठल्या वाटेवर पाऊल टाकलं की मागे येता येत नाही तेही सांगेन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं आपल्याला मधली जागा दिली आहे, तिचा वापर आपण अजून कमी करतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल नोंदवला म्हणजे नवऱ्याला अटक होत नाही. त्याच घरात राहण्याचा आदेश मागता येतो, मारहाणीला मनाई मागता येते, आणि अर्ज करायचा की नाही हे तिच्या हातात राहतं. दम देऊन पाठवलं तर आठ दिवसांनी कोण बघायला जाणार, हे तिच्यासमोर ठरवायचं. नांदायचंय म्हणणारी बाई मार कबूल करत नसते. हे समजायला मला वर्ष-दोन वर्षं लागली.

पण सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत कायद्यानं अशी मधली जागा ठेवलेली नाही, म्हणून तिथे आपली जबाबदारी जास्त. त्या प्रकरणानंतर आमच्या शनिवारच्या बैठकीत खूप भांडणं झाली. अक्का आमच्यातल्या सर्वांत जुन्या. १९८० साली मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध बाया रस्त्यावर उतरल्या तेव्हापासून चळवळीत आहेत. त्या म्हणाल्या, "कायदे आपण मागून घेतले आणि आता त्यांच्यापासून पळायचं? बाप, मामा, वसतिगृहाचा रखवालदार, यांची किती प्रकरणं घरच्यांनी दाबलेली मी पाहिली. कळवायची सक्ती नसती तर त्या पोरींचं तोंड कोण उघडणार होतं?" अक्कांचं खोटं नाही. ज्या मुलीला घरातूनच धोका आहे तिच्यासाठी ही सक्ती म्हणजे एकुलती एक फट असते. ती बुजवा असं मी कधी म्हणणार नाही.

पण मामानं नासवलेली दहा वर्षांची पोर, लग्न लावून दिलेली सोळाची, आणि आपल्या मर्जीनं पळून गेलेली सतराची, या तिघींना कायदा एकाच दारातून आत घेतो. २०१२ पूर्वी संमतीचं वय सोळा होतं, ते अठरा झालं. २०२५ साली ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी सर्वोच्च न्यायालयात सोळा ते अठराच्या मुलामुलींच्या संमतीच्या संबंधांना या कायद्यातून वगळा अशी बाजू मांडली, केंद्र सरकारनं विरोध केला. त्याच वर्षी २३ मे रोजी पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात न्यायालयानं दोषी ठरलेल्या तरुणाला विशेष अधिकार वापरून शिक्षा दिली नाही. कायद्यानं तो गुन्हा असला तरी त्या मुलीला तो गुन्हा वाटला नाही, तिला त्रास झाला तो पुढच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांचा, अशा आशयाचं न्यायालयानं म्हटलं. न्यायालयाला हे दिसायला मुलीची कित्येक वर्षं गेली. आपल्या टेबलापाशी ते पहिल्या अर्ध्या तासात दिसू शकतं.

माझं मत विचाराल तर, सोळाच्या पुढची मुलगी स्वतः उपचार मागत आली तर आधी उपचार व्हावेत, आणि पोलिसांत नाव जाणं ही उपचाराची अट असू नये. गर्भपातापुरतं हे काही अंशी झालंही आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील देण्याची गरज नाही. कायदेशीर गर्भपाताला अल्पवयीन मुलीच्या बाबतीत चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे, पालकाची लेखी संमती लागते, आणि मुलगी जिच्या सांभाळात आहे ती आईही ती देऊ शकते. म्हणजे त्या दिवशी आमच्या दारात आलेल्या मुलीला, निकाल हातात घेऊन आम्ही तिला एखाद्या धीराच्या डॉक्टरबाईकडे नेलं असतं तर, कदाचित वाट निघाली असती. पण माझं लक्ष मी कशात सापडेन याच्याकडे होतं, तिला काय मिळू शकतं याच्याकडे नव्हतं. हे लिहायला मला आवडत नाहीये.

ही सूट डॉक्टरांना आहे, आपल्याला नाही. म्हणून आता आम्ही बोलायच्या आधी सांगतो. वकिली भाषेत नाही, साध्या शब्दांत: "हे बघ बाळा, तू जे सांगशील ते आम्ही तुझ्या घरी, गावात सांगणार नाही. पण तू अठराच्या आतली असलीस आणि तुझ्याशी कुणी संबंध ठेवलेला असला, मग तो नवरा का असेना, तर ते आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं. नाही कळवलं तर आमच्यावर गुन्हा होतो. म्हणून आधी ऐक. नाव, गाव, वय आत्ताच सांगू नकोस. एखाद्या मुलीला असं झालं तर काय काय करता येतं, एवढंच विचार. मग ठरव."

यावरून आमच्यात अजून एकमत नाही. अक्कांच्या मते हे मुलींना पळवाट शिकवणं आहे. आमच्या वकील मैत्रिणीचं म्हणणं, गुन्ह्याची नुसती शंका आली तरी कळवायचं असं कलमात आहे, तेव्हा 'एखाद्या मुलीची' गोष्ट ऐकणंही अगदी निर्धोक नाही. मला दोघींचं पटतं आणि तरी मी हे वाक्य सोडणार नाही. कायदा काय आहे हे समजून घेण्याचा तिचा हक्क तिनं नाव सांगण्याच्या आधीचा आहे. आणि ज्या मुलीला खरोखर सोडवून हवं असतं ती हे ऐकूनही बोलते. मागच्या वर्षी एक बोलली. सगळं ऐकून घेतलं, जरा वेळ बसली आणि म्हणाली, "कळवा. मला माघारी जायचं नाही." तिच्यासोबत आम्ही उभ्या राहिलो ते मघाशी सांगितलेल्या मुलीच्या वेळेपेक्षा फार वेगळ्या तऱ्हेनं.

कळवायचंच झालं तर पुढे काय काय मागायचं हे नव्या मुलींना पाठ असायला हवं, कारण ठाण्यात सगळ्यांना ते माहीत असतंच असं नाही. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. तपासणी डॉक्टरबाईनं करायची, मुलीच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना. चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समितीकडून तिच्यासाठी सहाय्यक व्यक्ती मागून घेता येते. आम्ही यात एक आपल्या पदरची भर घातली आहे. निघायच्या आधी तिला जेवू घालायचं. ठाण्यात किती तास जातील याचा नेम नसतो, आणि उपाशी पोर भेदरून काहीही सांगते.

या सगळ्यात सर्वांत अवघड काय गेलं असेल तर 'एकटीनं ठरवायचं नाही' हा नियम. मी कामात मुरलेली समजली जात होते, आणि मुरलेल्या कार्यकर्तीनं विचारायला जाणं म्हणजे कमीपणा असं आपल्या संस्थांमध्ये कुणी बोलत नसलं तरी असतंच. आता अशा प्रकरणात त्याच दिवशी दोघीजणी बसून ठरवतात. दुसरी बाहेरगावी असेल तर फोनवर. आणि आतल्या खोलीत जाऊन ठरवत नाही, तिच्यासमोर ठरवतो. केस रजिस्टरात एक रकाना वाढवला आहे, त्याला आम्ही नुसतं 'का' म्हणतो. जे केलं ते का केलं, दुसरं काय करता आलं असतं, ते का नाही केलं. सुरुवातीला तिथे 'कायद्यानुसार' एवढा एकच शब्द लिहून यायचा. आता कधीकधी पानभर मजकूर असतो, क्वचित 'नीट कळत नाही' असंही असतं. ते वाचून बैठकीत जेवढं शिकायला मिळतं तेवढं कुठल्याच प्रशिक्षण शिबिरात मिळालं नाही.

निधी देणाऱ्यांच्या तक्त्यात मात्र हा रकाना बसत नाही. त्यांना आलेली प्रकरणं, निकाली निघालेली प्रकरणं आणि चालू प्रकरणं हवी असतात. त्या मुलीचं प्रकरण त्या वर्षी 'निकाली' या आकड्यात गेलं, कारण आम्ही पोलिसांना कळवून आमच्या बाजूनं ते संपवलं होतं. तीन-तीन महिने थकलेल्या मानधनावर काम करणाऱ्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलींना आपण या टेबलापाशी बसवतो, असे निर्णय त्यांच्यावर सोडतो, आणि त्या वर्ष-दोन वर्षांत सोडून गेल्या की 'हल्लीच्या मुलींत बांधिलकी नाही' म्हणतो. आमच्याकडून अशा दोघी गेल्या. त्यातल्या एकीनं जाताना सांगितलं की तिला रात्री झोप लागत नव्हती, आणि हे बैठकीत बोलायचं असतं हे तिला माहीत नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, हे वाचून आपापल्या केंद्रात एकदा बसा आणि बाई दारात आल्यावर तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता ते लिहून काढा. आमचं वर दिलं आहे. त्यात काय चुकतंय, कायद्याच्या दृष्टीनं कुठे धोका आहे, तुमच्या भागात मुली काय ऐकल्यावर बोलत्या होतात आणि काय ऐकल्यावर उठून जातात, हे कळवा. अक्कांनी त्यांची बाजू वेगळी लिहायचं कबूल केलं आहे. आणि त्या वस्तीवरची एक बाई गेल्या बाजारी आमच्याकडे येऊन गेली, रेशनकार्डाच्या कामासाठी.